पंपघर जरा मागून यायचं

१

टेकडीवरच्या इस्पितळातले नळ कोरडे पडले तेव्हा भर दुपार होती. खाली नदीकाठी आमच्या पाणीकेंद्रात मात्र सगळं सुरळीत असल्याचा हिरवा दिवा जळत होता.

निदान त्या पाळीला कंट्रोल रूममध्ये बसलेली चिमणी तरी तसं सांगत होती. तिच्याशिवाय तो दिवा कुणीच पाहिला नव्हता.

त्या केंद्रात मी उमेदीची सगळी वर्षं काढली. आता तिथे काचेची चकचकीत इमारत उभी आहे, आणि आत काय चालतं ते मला कळायचं नाही. पण डोळे मिटले की दिसते ती जुनी कंट्रोल रूमच. तापलेल्या यंत्रांवरच्या धुळीचा तो वास, एका पायाने लंगडणारी खुर्ची, तिच्यावर जुन्या पडद्याच्या कापडाची मी शिवलेली गादी, आणि भिंतीशी कपाटात एकावर एक ठेवलेल्या त्या दोन पेट्या. त्यांना आम्ही थोरला आणि धाकटा म्हणत असू.

नाव गेटवे. काम दाराचं. कंट्रोल रूममधून हुकूम निघायचा तो या दारातूनच पंपघराकडे, गाळणघराकडे, वरच्या टाकीकडे जायचा, आणि तिकडचे निरोप याच दारातून आत यायचे. दार एकच असलं आणि तेच अडकलं तर अख्ख्या गावाचं पाणी अडकायचं, म्हणून पेट्या दोन. थोरला काम करी आणि धाकटा कान देऊन बसे. थोरल्याची चाहूल बंद झाली की धाकट्याने आपणहून उठायचं आणि कारभार हातात घ्यायचा. कुणी सांगायला नको, कुणी बटण दाबायला नको.

त्या दुपारी थोरला जळला. वीज घेणारा त्याचा भाग करपला, झालं. यंत्रं जळायचीच, त्यासाठीच तर धाकटा होता. पण पंपघराला त्यानंतर एकही हुकूम पोचला नाही. पंप बंद होते ते बंदच राहिले, टाकी उतरत गेली, आणि इस्पितळात मूत्रपिंडाच्या रोग्यांची यंत्रं अर्ध्यावर थांबवावी लागली. देवाच्या दयेने कुणी दगावलं नाही. पण एका बाईंना रुग्णवाहिकेतून दुसऱ्या गावी हलवावं लागलं, आणि ती रुग्णवाहिका आमच्या फाटकासमोरूनच गेली.

खुर्चीवर होती चिमणी. लहानखुरी, चटपटीत, मीच शिकवलेली. धाकट्याच्या पाठीमागे एक किल्ली असते. 'आपोआप' वर ठेवली तर तो स्वतः उठतो, 'हाती' वर ठेवली तर उठवल्याशिवाय उठत नाही. गेल्या महिन्याची चाचणी चिमणीने घेतली होती. चाचणीनंतर ती किल्ली फिरवायला विसरली असणार, आणि घोटाळा झाल्यावर तिने गुपचूप फिरवली असणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. तिला घरी बसवलं. परवा मंडळाची बैठक होती, आणि तिथे तिचं नाव कायमचं कमी होणार होतं. तिचं घर तिच्या एकटीवर चालायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

मोठे साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी मला बोलावलं आणि टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, "तुमच्या नणंदबाईंना विचारून बघता का? जोडी त्यांनीच बसवली होती ना."

२

वन्सं तेव्हा निवृत्त होऊन घरी होत्या. माझ्या यजमानांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणाला विचारायची सोयही ठेवली नाही. आमच्या केंद्रातल्या पहिल्या इंजिनीअरबाई त्या. ही जोडी त्यांनी बसवली तेव्हा वरून मंडळी बघायला आली होती. त्या दिवसाचा फोटो कंट्रोल रूमच्या भिंतीवर होता: कपाटापाशी ताठ उभ्या वन्सं, हसू दाबलेलं, तरी डोळ्यांतून सांडलेलं. घरात त्या कशाची बढाई मारत नसत. पण दिवे गेले आणि आले की हमखास म्हणत, "माझी जोडी असती तर तुम्हाला कळलंही नसतं."

मी निरोप सांगितला तेव्हा त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"धाकटा उठला नाही?" त्यांनी विचारलं. मग तेलाची वाटी खाली ठेवली. "तो न उठणारा नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळचं माझं स्तोत्र आटोपेपर्यंत त्या चपला घालून दारात उभ्या होत्या. वाटेत आधी चिमणीकडे गेलो.

चिमणी रडून रडून कोरडी झाली होती. वन्संनी तिला धीर दिला नाही, समजूतही काढली नाही. फक्त विचारलं, थोरला गेल्यावर तू काय काय पाहिलंस ते ओळीने सांग. तिने सांगितलं. आधी जळका वास आला. पडदा क्षणभर करडा झाला, आणि पुन्हा रंग आले. धाकट्याचा दिवा हिरवा झाला. तिला वाटलं, सुटले. मग टाकी उतरताना दिसली, तेव्हा तिने पंप चालू करायचा हुकूम दिला. एकदा, दोनदा, मग कितीदा तरी. पंप हलेना. पंपघरात फोन लावला, पण तिथे हल्ली कुणी नसतंच. शेवटी यंत्रं सांभाळणाऱ्या नव्या साहेबांना बोलावलं.

"टाकी उतरताना दिसली," वन्सं म्हणाल्या. "डोळ्यांनी?"

"आकडा खाली खाली जात होता ना, आत्या. मी हुकूम दिला नाही असं म्हणतात सगळे. मी बोटं दुखेपर्यंत दाबलं."

बाहेर पडल्यावर मी वन्संना हळूच विचारलं की पोरगी खरं बोलतेय ना. त्या म्हणाल्या की खरं-खोटं नंतर बघू, पण तिने जे सांगितलं त्यात एक गोष्ट अशी आहे, की ती खोटं बोलत असती तर तिला सुचलीच नसती.

कुठली, ते काही त्यांनी सांगितलं नाही. नणंद ती नणंदच.

३

केंद्रात नवे साहेब आमची वाटच बघत होते. हुशार मुलगा, पण बोलताना सारखा घड्याळाशी चाळा करायचा. त्याने धाकट्यातली प्रणाली नुकतीच नवी केली होती, त्यामुळे संशयाचं अर्धं बोट त्याच्याकडेही होतं. वन्संनी त्याला धाकट्याची आठवण दाखवायला सांगितली. म्हणजे कधी उठला, कधी बसला, याची यंत्र स्वतः ठेवतं ती नोंद.

त्याचा चेहरा पडला. नोंद नव्हती. त्या दुपारी धावत आल्यावर त्याने घाबरून दिसेल ते बंद करून चालू केलं होतं. धाकटा, कंट्रोल रूममधले संगणक, पंपघराची मुख्य वीजसुद्धा. त्यात कुठल्याशा झटक्याने पंप लागले. कशाने लागले ते त्यालाही सांगता येईना. आणि धाकट्याची त्या दुपारची आठवण पुसली गेली होती.

"म्हणजे मुलीच्या बाजूने साक्ष देणारा एकच होता, आणि त्याचं तोंड तुम्ही बंद केलंत," वन्सं म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. त्या मुलाने मान खाली घातली, आणि मला उगाचच त्याची दया आली.

मग फिरकी. हा ठेकेदाराचा मिस्त्री, एका जागी ठरत नाही म्हणून फिरकी. घोटाळ्याच्या दिवशी सकाळी तो पंपघरात तेलपाणी करून गेला होता. तिथली तार त्याच्या हातून सैल झाली असेल असा नव्या साहेबांचा तर्क. फिरकी म्हणाला, मी पंपांना हात लावतो, तारांना नाही, तारा मला ओळखत नाहीत. वन्संनी पंपघर उघडायला लावून तार स्वतः तपासली. टोकं घट्ट होती, वरची सीलं जुनी, धूळ बसलेली. फिरकी सुटला. सुटल्यावर चहा मागून मोकळा झाला.

उरले मामा. मामा आधी पंपघराचेच. पंप आपोआप चालू-बंद व्हायला लागले, तशी पंपघराला माणसाची गरज उरली नाही, आणि त्यांना फाटकावर बसवलं. घोटाळ्याच्या दिवशी ते बायकोचे डोळे दाखवायला रजा घेऊन गेले होते, म्हणून त्यांच्यावर कुणाचा संशय नव्हता. वन्संना बघून ते खुर्चीवरून उठले. दोघं बराच वेळ जुन्या माणसांबद्दल बोलत राहिली. कोण कुठे असतं, कोण गेलं. मला वाटलं, वन्सं तपास विसरल्या.

निघताना मामा म्हणाले, "मी असतो तर बरं झालं असतं, ताई."

वन्संनी मान डोलावली, आणि आम्ही आत आलो. त्या वाक्याकडे तेव्हा मी काही लक्ष दिलं नाही. मनात आलं, असं तर सगळेच म्हणतात.

४

दुपारी मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. साहेबांनी टाकीचा आलेख पुढे केला. पाणी किती खाली गेलं ते बैठकीत दाखवायला त्यांनी तो छापून घेतला होता. रेघ उतारावरची वाट यावी तशी तिरकी खाली येत होती.

वन्संनी चष्मा लावला. रेघेवरून बोट हळूहळू फिरवलं, टोकापर्यंत गेल्या, आणि पुन्हा मागे आल्या.

"इथे थोरला जळला?" त्यांनी एका जागी बोट टेकवलं.

साहेब हो म्हणाले.

"आणि त्यानंतरही रेघ उतरतेच आहे. हा आकडा टाकीवरून इथे आणला कोणी?"

नव्या साहेबांचा हात घड्याळावरच थांबला.

मग वन्संनी समजावून सांगितलं, शाळेत बाई सांगतात तसं. टाकी टेकडीवर. तिचा आकडा कंट्रोल रूममध्ये येतो तो गेटवेच्या दारातूनच, दुसरी वाट नाही. थोरला मेलेला. धाकटा झोपलेला असता, तर आकडा जिथल्या तिथे गोठला असता आणि रेघ आडवी, सरळ गेली असती. ती उतरत राहिली, याचा अर्थ कुणीतरी जागा राहून निरोप आणत होता. पाणी किती गेलं ते पाहायला सगळ्यांनी ही रेघ बघितली, पण ती काढली कोणी ते कुणी विचारलं नाही. आणि चिमणी म्हणाली, टाकी उतरताना दिसली. धाकटा झोपलेला असता आणि तो उठला अशी थाप तिला मारायची असती, तर आकडा हलत होता हे तिला सुचलंच नसतं.

"धाकटा उठला होता," वन्सं म्हणाल्या. "किल्ली बरोबर होती. पोरीने काही केलेलं नाही."

मी मनातल्या मनात हात जोडले. पण मोठ्या साहेबांनी कागद परत ओढून घेतला. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. धाकटा उठला, टाकीशी बोलला, मग पंपघराशी का नाही बोलला? तार ठीक, पंप ठीक. कारण सापडत नाही तोवर बैठकीत ते एवढंच सांगू शकत होते की हुकूम दिल्याची नोंद पंपघरात नाही. म्हणजे बोट पुन्हा खुर्चीवरच्या माणसाकडे. बैठक उद्या सकाळी.

वन्संचा चेहरा मी कधी इतका बावरलेला पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "दर महिन्याला चाचणी होते. इतक्या वर्षांत पंपघर एकदाही आलं नाही असं झालंय का?"

मी म्हटलं, नाही. कधीच नाही. फक्त जरा मागून यायचं.

"मागून म्हणजे?"

५

मला ते सांगतानाही हसू आलं, कारण आमच्या केंद्रातली ती जुनी थट्टा होती. चाचणीचा दिवस म्हणजे आमच्याकडे कौतुकाचा दिवस. आधी सगळीकडे फोन करायचा, "सुरू करतोय हो", म्हणजे कुणी दचकायला नको. ही रीत पहिल्यापासूनची. मग थोरल्याला निजवायचं. धाकटा उठला की गाळणघराचा दिवा लगेच हिरवा, टाकीचा लगेच हिरवा, आणि पंपघराचा जरा वेळाने. कपात चहा ओतून एक घोट घ्यावा एवढ्या वेळाने. आम्ही म्हणायचो, पंपघराला नटायला वेळ लागतो. तिथला पॅनल सगळ्यांत जुना, म्हातारा झालाय बिचारा, असं समजून आम्ही ते कधी मनावर घेतलं नाही. मग थोरल्याला परत उठवायचं, आणि पुन्हा फोन, "झालं हो".

"फोन कुणाकुणाला?"

गाळणघर, टाकीवरचा रखवालदार, आणि फाटक.

"फाटकावर कशाला? तिथे गेटवेचं काय आहे?"

त्याचं उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. चाचणी असली की मला कळवा, असं मामांनी सांगून ठेवलं होतं. फोन आला की ते फाटक शिपायाच्या हवाली करायचे, चहाचा थर्मास उचलायचे आणि पंपघराची किल्ली घेऊन चालू लागायचे. शिपाई त्यांना चिडवायचा, निघाले मामा माहेरी. जिथे जन्म गेला तिथे घटकाभर बसावंसं वाटतं माणसाला, यात कुणाला काय खटकणार?

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग मोठ्या साहेबांना म्हणाल्या की आत्ता चाचणी घ्यायची आहे. टाकी भरून घ्या, इस्पितळाला कळवा, बाकी कुणालाही फोन करायचा नाही.

तयारीला तासभर लागला. करपलेला थोरला दुरुस्त होऊन आला होता, पण कारभार अजून धाकट्याकडेच होता. म्हणून या वेळी धाकट्याला निजवून थोरला उठतो का ते बघायचं ठरलं. नव्या साहेबांना पंपघरात पाठवलं. वन्संनी त्यांना बजावलं, "हात मागे बांधून उभं राहायचं. जग बुडालं तरी कशाला शिवायचं नाही."

धाकट्याला निजवलं. थोरला उठला. गाळणघर हिरवं, टाकी हिरवी.

पंपघर नाही.

आम्ही थांबलो. कप भरून ओतावा, पिऊन विसळावा, एवढा वेळ गेला. नव्या साहेबांचा फोन आला की तिथे एकही निरोप पोचत नाहीये, आणि हात मागे बांधून पाठ दुखायला लागलीय.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "फाटकावर जा. मामांना एवढंच सांग की चाचणी चालू आहे. दुसरा शब्द नको."

६

मी सांगितलं. मामा म्हणाले, "फोन नाही केला तो?" आणि जरा रागावूनच थर्मास उचलला.

मी त्यांच्यामागून गेले. वाट दुतर्फा चाफ्याची, पंपघराकडे जराशी उतरती. मामा घाईने चालत होते. आत नवे साहेब खांबासारखे उभे. मामांनी त्यांना नमस्कार केला, जुन्या पॅनलचं झाकण उघडलं, आत हात घातला, आणि निरोप घेणाऱ्या छोट्या पेटीचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. पंपांना काही कळलंही नाही. दिवा लाल झाला, जरा लुकलुकला, आणि हिरवा.

मग मामांनी थर्मास उघडला आणि खिडकीत बसले, झाल्याचा फोन येईपर्यंत थांबायला.

नवे साहेब कपाळाला हात लावून खालीच बसले. वन्सं गुडघा सांभाळत, मोठ्या साहेबांच्या आधाराने तिथवर आल्या तेव्हा मामा चहा फुंकत होते.

वन्संनी आधी साहेबांना उलगडा केला. थोरला आणि धाकटा, दोघांचा पत्ता एकच. कारभार बदलला की नवा कारभारी सगळ्यांना हाळी देतो, आता या पत्त्याचं दार माझ्याकडे. गाळणघर आणि टाकी ती हाळी ऐकतात. हा जुना पॅनल ऐकत नाही. त्याला चालू होताना जे दार दिसलं, तेच तो बंद होईपर्यंत धरून बसतो. दार मेलं तरी तिथेच टकटक करत राहतो. बंद करून चालू केला, तरच नव्याने दार शोधतो. त्या दुपारी नव्या साहेबांनी वीज तोडली तेव्हा पंप लागले, ते म्हणून. आणि चाचणीत पंपघर मागून यायचं, कारण ते आपोआप येतच नव्हतं. पायवाट उतरून कुणीतरी आणायचं.

"चाचणी कधी आपोआप झालीच नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही."

मग त्या मामांच्या समोर स्टुलावर बसल्या.

"मामा, हे बटण कधीपासून दाबता?"

"पहिल्यापासून. दोनदा दाबतो, एकदा थोरला जाताना, एकदा तो परत येताना. बायकोच्या डोळ्यांचं दुखणं निघालं नसतं, तर त्या दिवशीही..." ते थांबले. "पण त्या दिवशी चाचणी नव्हती ना."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मामा गोंधळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं.

"तुम्हीच की, ताई. पहिल्या चाचणीला. वरची मंडळी तुमच्यामागे उभी होती. पंपघर येईना, तेव्हा तुम्ही फोन केलात. आवाज अगदी रडवेला झाला होता तुमचा. म्हणालात, मामा, तिथून काही करता येतंय का बघा. मी हे बंद-चालू केलं. पलीकडून तुम्ही म्हणालात, आलं, आलं. मी म्हटलं, म्हणजे एवढं काम आपल्याकडे आहे."

पंप घुमत होते. मला भिंतीवरचा तो फोटो आठवला, आणि तो कुठल्या क्षणानंतर काढलेला असणार ते कळलं.

"मी फोन केला होता हे मला आठवतच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, ते आपणहून आलं."

७

मोठ्या साहेबांनी मोठ्या मनाने तोड सुचवली. अहवालात 'यांत्रिक कारण' एवढंच लिहायचं. कुणाचं नाव नको. वन्संच्या जोडीचा त्या भागात लौकिक होता. दुसऱ्या केंद्रांनी तशाच जोड्या बसवल्या होत्या, शिकायला मुलं यायची. तो कशाला घालवायचा? निवृत्त माणसाला उगाच का बोट लावायचं?

वन्संनी विचारलं, यांत्रिक कारण लिहिलं तर चिमणीच्या नावापुढचा संशय जाईल का. साहेब म्हणाले, हळूहळू लोक विसरतील.

"लोक विसरतील, ती कशी विसरेल? आणि दुसऱ्या केंद्रांत असेच जुने पॅनल असतील. तिथेही कुणी मामा असतील, आणि तेही कधीतरी रजेवर जातील."

फाटकावरच्या माणसाने न विचारता यंत्रात हात घातला, असं लिहायचंही कुणीतरी सुचवून पाहिलं. वन्संनी त्या सुचवणाऱ्याकडे नुसतं बघितलं.

त्यांनी अहवाल तिथेच बसून लिहिला. जोडी बसवताना पंपघराचा जुना पॅनल नव्या कारभाऱ्याची हाळी ऐकतो की नाही हे मी तपासलं नाही. पहिली चाचणी माणसाच्या हाताने पार पडली आणि मी ती आपोआप झाली असं लिहून दिलं. पुढच्या सगळ्या चाचण्या आगाऊ कळवून घेण्याची रीत मीच घालून दिली. त्या दिवशी खुर्चीवर असलेल्या मुलीने जे करायला हवं ते सगळं केलं. खाली सही. मी बघत होते.

सकाळच्या बैठकीत अहवाल वाचला गेला. दुपारच्या पाळीला चिमणी आली. दारातच अडखळली. वन्सं कपाटापाशी उभ्या राहून नव्या साहेबांना पंपघराच्या पॅनलचं काय काय बदलायचं ते सांगत होत्या. तिला बघून म्हणाल्या, "बस बाई जागेवर. आणि पाणी पी आधी, ओठ सुकलेत."

चिमणी बसली. तिने पडदा पुढे ओढला, टाकीचा आकडा बघितला, आणि तोंड पदराआड केल्यासारखं दोन्ही तळव्यांत लपवलं. मग कामाला लागली.

आठवड्याभरात पॅनल बदलला. न कळवता चाचणी घेतली, आणि पंपघर सगळ्यांच्या बरोबरीने आलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वन्संनी भिंतीवरचा फोटो स्वतः उतरवला आणि बरोबर घरी आणला. त्यांच्या खोलीत तो पुढे कधी लावलेला दिसला नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी फाटकातून बाहेर पडत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला होता. मामा खुर्चीवरून उठले आणि फाटकाची कडी हातात धरून उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "पुढच्या चाचणीला मी यायचं का?"

वन्सं थांबल्या. त्यांना हो म्हणणं किती सोपं होतं. घटकाभर बसायला या, चहा प्या, असं काहीही म्हणता आलं असतं. मलाही वाटलं, म्हणावं त्यांनी.

"नाही मामा," त्या म्हणाल्या. "आता हात लावायचा नाही. त्याचं त्याला येऊ दे."

मामांनी मान हलवली. बरं म्हणाले. मग आमच्यासाठी फाटक पुरतं उघडून धरलं, आणि आम्ही रस्त्याला लागेपर्यंत तसंच धरून उभे राहिले.